तुमचा हॅमस्टर किती जगला? शेवटच्या दिवसांत काय दिसलं होतं?

बिट्टी गेली तेव्हा १४ महिन्यांची होती. सीरियन जातीची, सोनेरी, डाव्या कानाला बारीकशी चीर. "रात्री चाकावर पळत होती आणि सकाळी गेलेली होती," असं मी सगळ्यांना सांगत होते आणि मला ते खरंच वाटत होतं. महिन्याभराने फोनमधले तिचे फोटो तारखेप्रमाणे एकामागून एक बघायला बसले. शेवटच्या तीन आठवड्यांत पोट दर फोटोत जास्त गोल होत गेलं होतं आणि पाठीचा कणा वर आला होता. तेच फोटो मी "गुबगुबीत झाली बाई आमची" असं लिहून बहिणीला पाठवले होते.

फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, गर्भाशयात पू झाला असणार. मादीला दर चार दिवसांनी पांढरट, घट्ट, उग्र वासाचा स्राव होतो, तो नेहमीचा. पण रोज यायला लागला, पिवळट किंवा रक्ताळलेला दिसला, जोडीला पोट वाढलं आणि ती पाणी जास्त पिऊ लागली, तर एक दिवसही थांबायचं नाही. मला तो स्राव दिसला होता. नेहमीचा समजून मी फक्त भुसा बदलला.

म्हणून हा धागा काढते आहे. सीरियन हॅमस्टर साधारण दोन ते तीन वर्षं जगतो, बुटक्या जाती दीड ते दोन वर्षं, रोबोरोव्हस्की कधी कधी तीन वर्षांपर्यंत. अडीच वर्षांच्या आयुष्यातला एक आठवडा आपल्या हिशेबात सहा-सात महिन्यांचा होतो. त्यात हा इतरांचं भक्ष्य होणारा प्राणी, दुखलंखुपलं तरी शेवटपर्यंत लपवतो. "अचानक गेला" असं आपण म्हणतो त्यातल्या बहुतेक वेळा आधी काहीतरी दिसलेलं असतं, असं मला आता वाटतं. ते काय होतं, तेवढं लिहा. जात, वय आणि पहिली खूण. चूक झाली असेल तर तीही लिहा, इथे कुणी कुणाला बोल लावणार नाही.

*

मोती, सीरियन नर, पाच आठवडे.

घरी आणून फक्त तीन दिवस झाले होते. आणल्या दिवशीच नवा पिंजरा, नवं खाणं, आणि मुलांनी आळीपाळीने हातात घेतलेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरट्याबाहेर उघड्यावर बसला होता, पाठीला कुबड काढून, कान मिटलेले. झोपेत आहे असं वाटलं. रात्री उचलला तर शेपटीखालचं सगळं ओलं आणि असा वास, की तो अजून आठवतो. सकाळी नऊला डॉक्टरांकडे पोचलो, दुपारी गेला.

याला वेट टेल म्हणतात हे तेव्हा कळलं. आतड्याचा आजार, लॉसोनिया नावाच्या जिवाणूमुळे होणारा. आईपासून नुकत्याच तोडलेल्या, तीन ते दहा आठवड्यांच्या पिल्लांना सगळ्यात जास्त होतो आणि ताण पडला की उसळतो. एक ते तीन दिवसांत जीव जातो, म्हणून त्या रात्रीचे बारा तास फार मोठे होते. दुसरा हॅमस्टर आणला तेव्हा आधी तो जे खात होता तेच खाणं सोबत मागून घेतलं, पिंजऱ्यावर अर्धी चादर टाकली आणि आठवडाभर कुणालाही हात लावू दिला नाही. मुलं रडली. तो अडीच वर्षं जगला.

*

आमच्याकडे दोन झाले, पहिला पिल्लू आणि दुसरा ढेकू, दोघंही बुटके. पिल्लूबद्दल मी आजवर कुणाशी बोललेलो नाही.

ढेकू १३ महिन्यांचा असताना थंडीत एका रात्री खिडकी उघडी राहिली. सकाळी तो कोपऱ्यात गोळा होऊन पडलेला. हात लावला तर दगडासारखा गार, हाक मारली तर काही नाही. बायकोने जुन्या रुमालात गुंडाळलं, मी कुंडीतली माती उकरायला घेतली. आजी बाहेर येऊन म्हणाली, "घाई कसली? जरा उजेडात धर." खिडकीपाशी नेला. बराच वेळ काही नाही. मग मिशीचा एक केस हलला. वाऱ्याने असेल म्हणून मी खिडकी लावली. परत हलला. पाय हळूच वाकवून पाहिला तर वाकत होता, ओठ उलटून पाहिले तर हिरड्या गुलाबी. मग किती तरी वेळाने छातीची एकच हालचाल झाली.

गारठा पडला, उजेड कमी झाला किंवा खाणं कमी पडलं, की हॅमस्टरचं शरीर सगळं मंद करून टाकतं. श्वास इतके लांब लांब येतात की माणूस बघून बघून कंटाळतो. ही रानातली सुखाची शीतनिद्रा नव्हे. घरच्या हॅमस्टरच्या अंगात तेवढी तयारी नसते, बारीक किंवा म्हातारा असेल तर त्यातच जातो. आम्ही त्याला दोन्ही तळव्यांत धरून उबदार खोलीत बसलो. गरम पाण्याची पिशवी अंगाला लावली नाही, एकदम उष्णता द्यायची नसते. तासाभराने तो थरथरायला लागला, मग डोळे उघडले, मग डोकं वर करून माझ्या अंगठ्याचा वास घेतला. पूर्ण शुद्धीवर आल्यावर पाणी दिलं. त्यानंतर ढेकू ११ महिने जगला.

पिल्लूही असाच थंडीच्या सकाळी गार सापडला होता. त्याला मी दहा मिनिटांत पुरलं होतं.

*

वरचं वाचून हात थरथरले. दादा, तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

आमचं उलट झालं. पिंजरा खिडकीशी होता, सकाळी सावली असायची. दुपारी ऊन सरकून थेट पिंजऱ्यावर येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण त्या वेळी घरी कुणी नसायचं. संध्याकाळी आलो तर सोनू आडवा पसरलेला, तोंडाभोवती लाळ. वय १० महिने. वाळवंटाकडचा प्राणी, उकाडा सोसेल असं आम्ही समजत होतो. पण तिकडे तो दिवसभर खोल बिळात असतो, जिथे ऊन पोचतच नाही. त्याला घाम येत नाही. १८ ते २४ अंश त्याला बरं, तिशीच्या पुढे जिवावर बेततं. आता पिंजरा आतल्या भिंतीशी आहे, थर्मामीटर पिंजऱ्याच्या आत आहे, आणि उन्हाळ्यात चिनी मातीची फरशी गार करून आत ठेवतो.

*

लाली आणि चंपा, सीरियन, सख्ख्या बहिणी. "दोघी एकमेकींना सोबत होतील" असं देणाऱ्याने सांगितलं आणि आम्हीही त्याच समजुतीत. दोन महिन्यांपर्यंत एकमेकींच्या अंगावर झोपायच्या. मग रात्री किंचाळण्याचा आवाज यायला लागला. खेळतात असं वाटायचं, कारण सकाळी अंगावर काही दिसायचं नाही. चंपा गेली तेव्हा डॉक्टरांनी पोटावरचे केस बाजूला केले. आत चाव्यांची रांग होती, दोन ठिकाणी गळू झालेलं.

सीरियन हॅमस्टर एकटाच राहणारा प्राणी आहे, सहा-सात आठवड्यांचा झाला की एका पिंजऱ्यात एकच. त्याला एकटेपण वाटत नाही. दोन पाण्याच्या बाटल्या, दोन चाकं देऊनही काही होत नाही.

*

याला जोडून थोडंसं. आमच्या मादीने पहिल्या वेताची सहाही पिल्लं खाल्ली, कारण चौथ्या दिवशी आम्ही घरटं उचकटून पिंजरा धुतला. १९३० साली सीरियातल्या अलेप्पोजवळ प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी एक मादी आणि तिची ११ पिल्लं बिळातून खणून काढली, त्याच कुळातून आजचे पाळीव सीरियन हॅमस्टर आले. त्या मादीनेही पेटीत टाकल्याबरोबर स्वतःचं एक पिल्लू मारलं होतं. घाबरलेली आई असंच करते. व्यायल्यावर निदान दोन आठवडे घरट्याकडे हात नेऊ नका, फक्त खाणं-पाणी ठेवा.

*

कापसासारखं मऊ अंथरूण घालू नका. आमच्या टिंगूच्या मागच्या पायाला त्याचा धागा गुंडाळला गेला, दोन दिवसांत पंजा काळा पडला. साधा पांढरा टिश्यू फाडून द्या, तो पुरतो.

*

मला हे लिहायला अवघड जातं आहे, पण कुणाचा तरी जीव वाचेल म्हणून लिहिते.

गोटूच्या गालाच्या थैलीत काहीतरी चिकट अडकून गळू झालं. वय एक वर्ष. सुट्टीचे दिवस, लहान प्राणी बघणारे डॉक्टर लगेच मिळेनात. घरात लेकीचं अमॉक्सिसिलिनचं औषध उरलं होतं. वजनाचा हिशेब करून, अगदी थेंबभर, सिरिंजने दिलं. मला वाटलं मी काळजी घेते आहे. गाल खरंच उतरला. चौथ्या दिवशी त्याला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले आणि पाचव्या दिवशी तो गेला.

पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, ही औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारून टाकतात. मग क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जिवाणू माजतो आणि त्याच्या विषाने प्राणी जातो. थेंबभर दिलं म्हणून सुटका नाही. माणसाचं, कुत्र्याचं, मांजराचं उरलेलं कुठलंही औषध देऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिलं तरी "हे हॅमस्टरला चालतं ना?" हे एकदा तोंडाने विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाहीत.

*

धागा काढणारी: ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. वरची औषधांची नावं सगळ्यांनी कागदावर लिहून पिंजऱ्याला चिकटवा, मी आत्ताच चिकटवली.

*

पाणी किती पितो याकडे कुणाचं लक्ष असतं का? आमचा झिपऱ्या, कॅम्बेल जातीचा बुटका. बाटली रोज भरायचो, त्यामुळे किती संपली ते कळतच नव्हतं. एकदा दोन दिवस भरायची राहिली तेव्हा ती कोरडी सापडली. मग बाटलीवर पेनाने रेघ मारली. चार दिवसांत लक्षात आलं की आधी आठवडाभर पुरायचं तेवढं पाणी आता दोन दिवसांत जातं आहे, आणि एक कोपरा सतत ओला. मधुमेह निघाला. कॅम्बेलमध्ये आणि चिनी हॅमस्टरमध्ये तो बराच आढळतो. आम्ही रोज केळ्याचा तुकडा आणि मनुका देत होतो, आनंदाने खातो म्हणून. ते बंद करून मेथीची पानं, काकडीचा लहान काप आणि बिया मोजून सुरू केलं. १५ महिन्यांचा होता तेव्हा कळलं, २१ महिन्यांचा होऊन गेला.

बाटलीचीच दुसरी गोष्ट: नळीतली गोळी अडकते. बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला असतो. रोज बोटाने दाबून थेंब येतो का बघा.

*

माझा प्रश्न वेगळा आहे. आणल्यापासून आठ महिन्यांत गेला, म्हणून मी स्वतःला दोष देत राहिलो. पण आणला तेव्हाच तो पूर्ण वाढलेला होता, कानांवरचे केस विरळ झालेले. देणाऱ्याने "दोन महिन्यांचा" सांगितलं होतं. कदाचित दीड वर्षाचा असेल. अकाली गेला की आयुष्य पुरं करून गेला, हे मला कधीच कळणार नाही.

*

राणी, सीरियन मादी, दोन वर्षं सात महिने.

सगळे अनुभव दुःखाचे आहेत, म्हणून हिचं लिहितो. दोन वर्षांपर्यंत एकही आजार नाही. २८ सेंटीमीटरचं भरीव पात्याचं चाक, गजांचं नव्हे, त्यामुळे पाठ वाकली नाही आणि पाय अडकला नाही. जमिनीवर पसरलेला पिंजरा, वरचे मजले नाहीत. हॅमस्टरला उंचीचा अंदाज येत नाही, सरळ पाऊल पुढे टाकतो आणि पडतो.

मग श्वास जलद व्हायला लागला. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या सीरियनमध्ये हृदय कमजोर होऊन डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी होते, हे नेहमीचं आहे. आम्ही फारसं काही केलं नाही. घरटं, पाणी, खाणं एकमेकांजवळ आणलं. बिया सोलून दिल्या. शेवटचे दहा-बारा दिवस ती रात्री उठायची, चाकापर्यंत चालत जायची, आत शिरायची आणि नुसती बसून राहायची. चाक तिच्या वजनाने थोडंसं झुलायचं. लेक म्हणाली चाक काढू या, तिला त्रास होतो. मी काढू दिलं नाही. एका पहाटे ती चाकातच झोपलेली सापडली. मी पाऊण तास तळहातावर धरून पाहिलं. ती गेली होती.

*

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक वाटी, एवढंच लागतं. दर रविवारी वजन. आमच्या बुटक्या चिंगीचं ४२, ४२, ४१, ३८, मग ३५ ग्रॅम. खाण्याच्या ताटलीकडे जायची, दाणा उचलायची, खाली टाकायची. बघताना वाटायचं खाते आहे. हनुवटी ओली असायची. पुढचा एक दात तुटला होता आणि समोरचा वाढून टाळूत घुसत होता. ते दात आयुष्यभर वाढतच राहतात. डॉक्टरांनी दात कापले, दर तीन आठवड्यांनी कापावे लागले, पण पुढचं एक वर्ष ती छान जगली. वही नसती तर ३५चा आकडा मला कळलाच नसता, लोकर तशीच्या तशी फुगलेली होती.

*

कालपासून सगळे अनुभव वाचतोय. माझा बंड्या २३ महिन्यांचा आहे, सीरियन. रात्री प्रथमच वजन केलं, १३१ ग्रॅम. आधीचं माहीत नाही. बाटलीवर रेघ मारली आहे. पोट चाचपताना उजव्या काखेत वाटाण्याएवढी गाठ लागली, सरकते आहे, दुखत नसावी, कारण त्याने बोट ढकललं नाही. सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. पिंजऱ्यातलाच थोडा भुसा घालून लहान डबा तयार ठेवलाय, म्हणजे त्याला ओळखीचा वास राहील. काय निघालं ते येऊन लिहितो.