रविवारची सहल: हातोड्या कमी पडतायत!

प्रेषक: मेधा (सहल समिती)

मंडळी,
रविवारी अप्पर ब्लॅक एडीला (पेनसिल्वेनिया) हातोडीने वाजणारे दगड बघायला जायचंय. त्यासाठी 34 नावं आली आणि हातोड्या आहेत 5. मागच्या खेपेला काय झालं ते आठवतंय ना? दोन हातोड्यांमागे मुलांची रांग, आणि अर्ध्या मुलांना एकही दगड न वाजवता परत यावं लागलं. ह्या वेळी ते होऊ द्यायचं नाही. दर गाडीमागे एक तरी हवी. आज रात्रीपर्यंत कळवा. डोळ्यांवर लावायचे प्लॅस्टिकचे चष्मे 12 आहेत, ते मी आणतेय. दगडाची कपची उडते, तेव्हा चष्म्याशिवाय कुणाच्याही हातात हातोडी द्यायची नाही.

सव्वानऊला नेहमीच्या पार्किंगमधून निघायचं. नंतर बघायच्या फाँटहिल ह्या जुन्या काँक्रीटच्या वाड्याची तिकिटं दुपारी 2 ची आहेत आणि ती वेळ बदलून मिळत नाही.

मेधा

---

प्रेषक: शिरीष

मेधा, माझ्याकडे दोन रबरी आहेत, डेकच्या फरशा बसवताना घेतलेल्या. मोठ्या आहेत. चालतील का? आणि डेलावेअर नदी मिलफर्डच्या पुलावरून ओलांडायची की फ्रेंचटाउनच्या? पानं रंगलीत, फ्रेंचटाउनात रविवारी गाडी हलत नाही.

---

प्रेषक: दीपकनाना

रबरी नको रे. रबराने नुसता 'थप' असा आवाज येतो. दगड वाजायचा तर घाव कडक आणि क्षणभरच टेकणारा हवा. साधी खिळे ठोकायची लोखंडी हातोडी उत्तम. आणि जोर लावायचा नाही, मनगट सैल ठेवून नुसतं टाकायचं.

नवीन लोकांसाठी सांगतो. अप्पर ब्लॅक एडीच्या त्या रानात झाडं एकदम संपतात आणि काही एकर नुसते धोंडे पसरलेले दिसतात. तो दगड डायाबेस. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा चुलत भाऊच म्हणा. वितळलेला खडक वर येऊन निवला की बेसाल्ट, आणि जमिनीच्या पोटातच सावकाश निवला की हा. वय मात्र थोरल्याचं, सुमारे 20 कोटी वर्षं. आपला दख्खनचा साडेसहा कोटींचा. मी अंधेरीत वाढलो, गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी आमची चाळ. तो 200 फुटी काळा कडा रोज बघून कधी वाटलं नाही की ह्यात बघण्यासारखं काही आहे. इथे येऊन ह्या धोंड्यांवर हातोडी टाकली तेव्हा तो कडा आठवला. पुढच्या भारतवारीत मुद्दाम जाऊन वरच्या देवळात बसून आलो.

सगळे दगड वाजत नाहीत. मोठमोठे धोंडे सोडा, दोन-तीन दगडांवर नीट टेकलेला, बाकी अंगाने मोकळा असा शोधा. शेजाऱ्यांत घट्ट रुतलेला मुका निघतो. दगडाच्या आत ताण अडकून राहिलाय, तबल्याची पुडी ताणलेली असावी तसा, म्हणून नाद येतो असं सांगतात.

पूल मिलफर्डचाच.

---

प्रेषक: शिरीष

पुडीवरून आठवलं. तबला वर्गाच्या कपाटात 8 हातोड्या आहेत! किल्ली मेधाकडेच असते. प्रश्न मिटला.

---

प्रेषक: विनायक (तबला वर्ग)

प्रश्न मिटलेला नाही. त्या हातोड्या मंडळाच्या नाहीत, वर्गाच्या आहेत, पालकांनी वर्गणी काढून पुण्याहून मागवलेल्या. कपाट मंडळाचं म्हणून आतलं सगळं मंडळाचं होत नाही, हे मागे गणपतीच्या वेळी पेटीवरूनही बोलून झालंय.

आणि कारण नीट समजून घ्या, मी हट्ट करत नाही. तबल्याची हातोडी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर चालते. तिचं तोंड गुळगुळीत लागतं. दगडावर चार घाव बसले की कडेला बारीक खरवड येते, डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. मग तीच हातोडी गजऱ्यावर मारली की वादी (चामड्याची पट्टी) सोलते, आणि वादी तुटली की तबला घेऊन कुठे जायचं? इथे दुरुस्तीला माणूस नाही. मागच्या वर्षी एक जोडी मी सामानातून भारतात नेऊन आणलीय.

---

प्रेषक: शिरीष

सर, राग नको. मला खरंच माहीत नव्हतं. पण मुलांची रांग मी पाहिलीय, माझीच मुलगी रडत परत आली होती. आठातली एखादी जुनी, बाद झालेली नसेल का?

---

प्रेषक: विनायक

एक आहे, दांडा हलतो. ती देऊ शकतो. पण दांडा हलणारी हातोडी लहान मुलांच्या हातात देणं बरोबर आहे का, हे सहल समितीने ठरवावं.

---

प्रेषक: मेधा

नको सर, ती नको. वर्गाच्या सगळ्या कपाटातच राहू देत. शिरीष, न विचारता कपाटाचं परस्पर ठरवू नकोस रे.

---

प्रेषक: ऋचा

माझे सासू-सासरे येताहेत, गुडघे दोघांचेही बेताचे. त्यांना जमेल का? नाहीतर मी त्यांना घेऊन मंदिरात जाईन. आणि फाँटहिलला जिने खूप आहेत असं ऐकलं.

---

प्रेषक: मेधा

ऋचा, त्यांना आण गं. पार्किंगपासून धोंड्यांपर्यंतची वाट सपाट आणि थोडकी आहे. धोंड्यांवर मात्र चढू देऊ नकोस, कडेला घडीची खुर्ची टाकून बसव, नाद तिथवर येतो.

फाँटहिल त्यांना नको. आतले जिने अरुंद आणि चढउतार फार. तिकिटं तशीही 12 च मिळालीत. बाकीचे सगळे मर्सर म्युझियमला, गाडीने पाच मिनिटं. दोन्ही इमारती हेन्री मर्सर ह्या एकाच माणसाच्या, दोन्ही सिमेंट-काँक्रीटच्या. बॉस्टनच्या 1872 च्या आगीत मावशीकडचा जुन्या चिलखतांचा संग्रह जळाला, तेव्हापासून ह्याला आगीची धास्ती. फाँटहिल 1912 साली पूर्ण झालं, 44 खोल्या, आणि काँक्रीट वर चढवायला एक घोडी. म्युझियम 1916 चं. स्वेटर घ्या सगळ्यांनी, मधला जुना चौक गरम करत नाहीत.

माझी आई गेल्या वर्षी जिने चढली नाही, खालच्या चौकात उभी राहून मान वर करून बघत होती. वर छताला होडी टांगलेली, घोडागाडी टांगलेली, खुर्च्या, पाळणे. मग एका कोपऱ्यात लोणी काढायचं लाकडी भांडं दिसलं. आमच्या घरी खांबाला दोरी बांधून रवी फिरायची, इथे दांडा वरखाली करायचा. आई तिथे वीस मिनिटं होती. शेजारच्या एका गोऱ्या आजींना तिने हाताने करून दाखवलं, दोरी अशी ओढायची, मग अशी. त्या आजींनी वरखाली करून दाखवलं. एकीला इंग्रजी नाही, दुसरीला मराठी नाही. परतताना गाडीत आई म्हणाली, "ताक त्यांचंही तसंच, फक्त हात वेगळा चालतो."

---

प्रेषक: अनघा

मेधाताई, लोण्यावरून, जेवणाचं काय ठरलं? मी पिठलं आणीन, पण भाकरी 34 माणसांच्या मला एकटीला होणार नाहीत.

---

प्रेषक: दीपकनाना

विनायकराव, तुम्ही येताय ना ते सांगा. नाव यादीत नाही तुमचं. 1890 साली जे. जे. ऑट नावाच्या गृहस्थांनी ह्याच भागातले वाजणारे दगड निवडून ब्रास बँडच्या साथीला वाजवले होते. सुरातले दगड हुडकायला कान लागतो, आणि तो आपल्या यादीत कोणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

---

प्रेषक: विनायक

हे 1890 चं मला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळचा वर्ग आहे. शनिवारी संध्याकाळी घेता येतो का पालकांना विचारतो. जमलं तर गॅरेजमधल्या माझ्या दोन हातोड्या आणतो, साध्या, खिळ्यांच्या. ट्यूनर पण घेतो. निदान सा आणि प सापडायला हरकत नाही. सापडलेल्या दगडांवर खूण करायला खडू चालेल का तिथे?

---

प्रेषक: मेधा

खडू नको सर. दगडाखाली रंगीत दोरा ठेवू आणि निघताना उचलू. दगड तिथून घरी न्यायला बंदी आहे, हे मुलांनाही सांगून ठेवा सगळ्यांनी.

म्हणजे 7 झाल्या. अजून 2 हव्यात. अनघा, भाकऱ्या दहा-दहा तिघींत वाटू, मी एक. दुसरी कोण?

---

प्रेषक: ऋचा

सासूबाई म्हणतात भाकऱ्या त्या करतील, सगळ्या. पीठ तेवढं ज्वारीचं आणून द्या, इथल्या दुकानातलं जुनं निघालं, चिकटत नाही. आणि सासऱ्यांना हातोडी हवी आहे, स्वतःची. आठवी लिहा.