छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज : तिथे गेलेली मुलं एवढी खूश का असतात?

शमा_मिनेसोटा

दरवर्षी एप्रिलमध्ये इथे अमेरिकेत आमच्या मंडळात हा वाद रंगतो. १ मेपर्यंत कॉलेजला होकार कळवायचा असतो, आणि कुणाच्या तरी लेकीने मोठी स्टेट युनिव्हर्सिटी सोडून आयोवा, ओहायो नाहीतर मेनमधलं जेमतेम दोन हजार मुलांचं लिबरल आर्ट्स कॉलेज (कला-विज्ञान सगळं शिकवणारं, मुख्यतः पदवीपुरतंच कॉलेज) पसंत केलेलं असतं. मग आईवडिलांचा जीव टांगणीला. "हे नाव भारतात कोणाला माहीत आहे?" हा पहिला प्रश्न.

मी मिडवेस्टमधल्या अशाच एका कॉलेजात बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. माझं मत सरळ आहे. या मुलांना तिथे आवडतं कारण तिथे त्यांना लपता येत नाही. वर्गात पंधरा-वीस जण. तुम्ही वाचून आला नाहीत तर पाचव्या मिनिटाला कळतं. सुरुवातीला हे मुलांना जड जातं, पण आपण लिहिलेलं कोणीतरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतंय हे एकदा लक्षात आलं की मुलं बदलतात. आमच्याकडे पीएचडीचे विद्यार्थी नाहीत, म्हणून पेपर तपासायला टीए, म्हणजे प्राध्यापकाचा विद्यार्थी-मदतनीस, नाही. जी शिकवते तीच तपासते, आणि तीच प्रयोगशाळेत शेजारी उभी असते. उन्हाळ्यात संशोधनाला मदतनीस हवा असेल तर दुसऱ्या वर्षाची मुलंच घ्यावी लागतात. मोठ्या विद्यापीठात ज्या उपकरणाला हात लावायला रांग असते, ते इथे एकोणीस वर्षांची मुलगी स्वतः चालवते.

प्रत्येक कॉलेजची रीत वेगळी. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्समध्ये 'ट्युटोरियल' असतं : दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक. दर आठवड्याला एकाने पाच-सात पानं लिहून आणायची, दुसऱ्याने ती उलटसुलट तपासायची, पुढच्या आठवड्यात भूमिका बदलायच्या. आयोवातल्या ग्रिनेलला सक्तीचा विषय एकच, पहिल्या वर्षाचं ट्युटोरियल (तिथे याचा अर्थ वाचन-लेखनाचा छोटा वर्ग). बाकी चार वर्षांचा अभ्यासक्रम विद्यार्थी आपल्या सल्लागाराबरोबर बसून ठरवतो. पेनसिल्व्हेनियातल्या हॅवरफर्डला परीक्षेत पर्यवेक्षक नसतो. सत्राअखेरचे पेपर मुलं सोयीची वेळ ठरवून, एकटी बसून, प्रामाणिकपणे सोडवतात. अठराव्या वर्षी कोणी आपल्यावर इतका विश्वास टाकला तर माणूस तो सहसा मोडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि राहणं. चारही वर्षं बहुतेक सगळे कॅम्पसवरच. नॉर्थफील्ड, मिनेसोटाच्या कार्लटन कॉलेजमध्ये डेसी मोझेस यांचं घर आहे. या बाई कॉलेजात नोकरीला होत्या, मुलं त्यांच्याकडे येऊन बसायची, खायची. जाताना त्यांनी घर कॉलेजच्या नावे केलं. आजही तिथे पीठ, लोणी, साखर भरलेली असते. कोणीही यावं, कुकीज भाजाव्यात, थोड्या पुढच्यासाठी ठेवाव्यात, भांडी घासून जावं. घरापासून हजारो मैल दूर आलेल्या मुलाला याचं किती मोल वाटतं ते मला ठाऊक आहे.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मतं आवर्जून हवीत.

पार्ले_ते_प्लेझंटन

विरोधी मत हवंय म्हणालात, म्हणून स्पष्ट लिहितो. मुलं खूश असतात हे मान्य. पण वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर खर्च येत असताना 'खूश' हा निकष पुरेसा नाही.

माझी मुलगी अशाच एका कॉलेजात दोन वर्षं होती, नंतर तिने बदली घेतली. तिला कॉम्प्युटर सायन्समध्ये पुढचे विषय घ्यायचे होते. विभागात प्राध्यापक मोजकेच. त्यातले एक सबॅटिकलवर, म्हणजे संशोधनाच्या लांब रजेवर, गेले की तो विषय वर्षभर बंद. मोठ्या विद्यापीठात एका विषयाच्या तीन तुकड्या निघतात, हा प्रश्नच येत नाही. इंटर्नशिपसाठी आमच्या इथल्या कंपन्या पर्ड्यू, इलिनॉय, जॉर्जिया टेक अशा मोठ्या विद्यापीठांच्या आवारात स्वतः जातात. मक्याच्या शेतांमधल्या कॉलेजात कोण जाणार?

शिवाय तुम्ही ज्याला 'लपता येत नाही' म्हणता त्याची दुसरी बाजू मुलीने भोगली. मैत्रिणींच्या एका गटाशी बिनसलं, तर जेवायला दुसरीकडे कुठे जाणार? मेस एकच. चाळीस हजार मुलांच्या विद्यापीठात माणूस नवीन गट शोधतो. तिथे पर्यायच नव्हता. मोठ्या ठिकाणी हरवून जाण्याची मोकळीकसुद्धा असते आणि काही मुलांना तीच हवी असते.

ओवी_ओहायो

मी सध्या ओहायोत तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर सायन्स आणि संगीत असे दोन मेजर (मुख्य विषय). शमाताईंचं बरचसं पटलं, पण काकांचा मेसचा मुद्दाही शंभर टक्के खरा आहे. कोणाचं कोणाशी जुळलं, कोणाचं तुटलं, हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. पहिल्या वर्षीच्या फेब्रुवारीत मला इथून पळून जावंसं वाटत होतं. बर्फ, अंधार आणि तीच तोंडं.

तरी राहिले, आणि आज कोणी विचारलं तर हेच कॉलेज पुन्हा निवडेन. मी लागोपाठ दोन तासांना गेले नाही तर सरांची मेल आली : बरी आहेस ना? त्यात हजेरीचा विषयही नव्हता. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स हा विषय आमच्याकडे नव्हता, म्हणून आम्ही तिघांनी एका प्राध्यापकांना गाठलं आणि त्यांनी तो आम्हाला 'इंडिपेंडंट स्टडी' म्हणून शिकवला. दर गुरुवारी त्यांच्या ऑफिसात फळ्यासमोर तीन मुलं. यादीत नसलेला विषय मागून मिळवता येतो हे मी इथेच शिकले.

अजून एक गोष्ट मोठ्यांच्या लक्षात येत नाही. इथे मी ऑर्केस्ट्रात वाजवते, कॉलेजच्या वर्तमानपत्रात लिहिते आणि रेडिओवर माझा तासाचा कार्यक्रम आहे, त्यात मी किशोरीताई लावते. मोठ्या विद्यापीठात हे सगळं करायची संधी मिळाली असती का? बहुधा नाही. इथे माणसंच कमी, त्यामुळे प्रत्येक कामाला प्रत्येकजण हवा असतो. आपण हवे आहोत, हे फार सुखाचं असतं.

कर्वेनगर

धागा वेळेवर आला. मुलगा पुण्यात बारावीला आहे, त्याच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी ही नावं सुचवली आहेत. त्याला अर्थशास्त्र आणि नाटक दोन्ही करायचंय. आम्ही दोघं नोकरदार. इतके पैसे आमच्याकडे नाहीत आणि कर्ज काढायचं म्हटलं तर घर गहाण ठेवावं लागेल. पुण्यातच फ्लेम विद्यापीठ आहे, सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्स आहे. मग तिथेच का नको, असं ह्यांचं म्हणणं. ज्यांना माहीत आहे त्यांनी पैशांबद्दल नीट सांगावं.

शमा_मिनेसोटा

@कर्वेनगर, पैशाचं आधी सांगते. छापील फी आणि प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत श्रीमंत कॉलेजांमध्ये प्रचंड फरक असतो. ॲमहर्स्ट आणि बोडन ही दोन कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांनाही प्रवेश देताना कुटुंबाची ऐपत बघत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर जी तूट निघते ती पूर्ण भरतात. विल्यम्सने २०२२ पासून मदतीतून कर्ज हा प्रकारच काढून टाकला, सगळी मदत अनुदान. केंटकीतलं बेरिया तर १८९२ पासून ट्युशन, म्हणजे शिकवण्याची फी, घेतच नाही. तिथे कमी उत्पन्नाच्या घरची मुलं घेतात आणि प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास कॉलेजचं काम करावं लागतं. मात्र बहुतेक कॉलेजांमध्ये परदेशी विद्यार्थ्याने मोठी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होते. हे मुलाला आत्ताच सांगा. आणि घर गहाण ठेवून कुठलंही कॉलेज करू नका. मी शिक्षक म्हणून सांगते.

@पार्ले_ते_प्लेझंटन, इंजिनीयरिंगच करायचं पक्कं असेल तर मोठं विद्यापीठ घ्यावं हे मलाही मान्य. (स्वार्थमोर आणि स्मिथमध्ये इंजिनीयरिंगची पदवी आहे, पण ते अपवाद.) विज्ञानाचं मात्र वेगळं आहे. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रावर २०२० चं नोबेल मिळवणाऱ्या जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजच्या. १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले थॉमस चेक ग्रिनेलचे. पुढे पीएचडी करणाऱ्यांचं पदवीधरांशी प्रमाण काढलं तर स्वार्थमोर, रीड, कार्लटन, ग्रिनेल ही नावं नामांकित विद्यापीठांच्या बरोबरीने वर येतात. उन्हाळ्यात त्या उपकरणाशेजारी उभं राहिल्याचा हा परिणाम.

पार्ले_ते_प्लेझंटन

पीएचडीचं प्रमाण हा पुरावा होत नाही. ज्या मुलांना अभ्यासातच राहायचं आहे तीच मुलं अशी कॉलेजं निवडतात. कॉलेजने त्यांना तसं घडवलं, की ती आधीच तशी होती, हे त्या आकड्यांवरून कसं ठरवणार?

शमा_मिनेसोटा

काही अंशी निवडीचा परिणाम आहेच. पण दरवर्षी माझ्याकडे दोन-तीन मुलं अशी येतात ज्यांना डॉक्टर व्हायचं असतं आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर ती संशोधनाकडे वळतात. त्यांना मी ओळखते. ती आधीपासून तशी नव्हती.

सह्यकडा

मी इलिनॉयमध्ये मोठ्या पब्लिक युनिव्हर्सिटीत शिकवतो. वरची चर्चा पाच-पंचवीस श्रीमंत कॉलेजांभोवती फिरते आहे. त्याखाली शेकडो छोटी कॉलेजं आहेत आणि त्यांची अवस्था बिकट आहे. व्हरमाँटमधलं ग्रीन माउंटन २०१९ ला बंद पडलं, मार्लबरो २०२० ला. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८ चं. २०२४ च्या एप्रिलअखेर त्यांनी जाहीर केलं की हे सत्र संपलं की कॉलेज बंद. मुलांच्या हाती उरले होते काही आठवडे. त्याच वर्षी अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न गेलं, तेही १८५६ चं. व्हर्जिनियातलं स्वीट ब्रायर २०१५ मध्ये असंच मिटणार होतं, माजी विद्यार्थिनींनी पैसे उभे करून आणि कोर्टात जाऊन ते वाचवलं. प्रत्येकाच्या नशिबी असं नसतं.

या कॉलेजांत मुलं खूश नव्हती का? होती. मार्लबरोच्या मुलांइतकं आपल्या कॉलेजवर प्रेम करणारे विद्यार्थी मी क्वचित पाहिले. प्रेमाने पगार भागत नाहीत. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा परिसराच्या हिरवळीआधी त्याची गंगाजळी आणि गेल्या पाच वर्षांतली प्रवेशसंख्या बघा.

शिवाय छोट्या वर्गाचं सुख मोठ्या विद्यापीठातही मिळतं. पेन स्टेटचं श्रायर, ॲरिझोना स्टेटचं बॅरेट ही ऑनर्स कॉलेजं त्यासाठीच काढली आहेत. तिथे छोटे वर्ग, प्रबंध, सल्लागार, आणि बाहेर पडलं की अख्खं विद्यापीठ मोकळं.

ओवी_ओहायो

सह्यकडा सर, माझी चुलत बहीण अशाच एका ऑनर्स कॉलेजात आहे. तिचे ऑनर्सचे वर्ग खरंच छान आहेत. पण ते एकूण विषयांपैकी थोडे. बाकी केमिस्ट्रीला तीनशे मुलं, आणि प्रश्न विचारायचा तर टीएला. ती तक्रार करत नाही, तिला ते चालतं. मला चाललं नसतं. मला वाटतं इथे माणसामाणसांतला फरक मोठा आहे.

दौलताबादकर

थोडं अवांतर, पण विल्यम्सचं नाव निघालंच आहे म्हणून. १८०६ मध्ये त्या कॉलेजातले काही विद्यार्थी वादळात अडकून गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि तिथे त्यांच्यात जे बोलणं झालं त्यातून १८१० चं अमेरिकन बोर्ड हे ख्रिस्ती मिशन उभं राहिलं. विल्यम्सचाच पदवीधर गॉर्डन हॉल या बोर्डातर्फे १८१३ मध्ये मुंबईत आला, मराठी शिकला. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी इथे मराठी शाळा काढल्या, छापखाना घातला. १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारला. नगरला पुढे ज्या मिशनच्या शाळा निघाल्या त्यांचं मूळ या अमेरिकन मराठी मिशनमध्ये.

धर्मप्रसाराबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असेल, माझंही आहे. मुद्दा एवढाच की मूठभर मुलं दिवसरात्र एकत्र राहिली, वाद घालत राहिली की त्यातून काय निघेल सांगता येत नाही. शमाताई कॅम्पसवरच्या राहण्याबद्दल बोलल्या. मला वर्गापेक्षा तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

कर्वेनगर

सगळ्यांचे आभार. मुलाला पूर्ण धागा वाचायला लावला. तो ओवीला विचारतोय, नाटक आणि अर्थशास्त्र दोन्ही नीट होतं का? आणि नोकरीचं काय? व्हिसावर राहायला मिळतं का?

ओवी_ओहायो

होतं. माझ्या रूममेटचं तेच कॉम्बिनेशन आहे, फक्त नाटकाच्या तालमींच्या महिन्यात ती झोपत नाही. व्हिसाचं म्हणाल तर पदवीनंतर सगळ्यांना एक वर्ष काम करता येतं, आणि मेजर 'स्टेम'मध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीयरिंग, गणित) मोडत असेल तर आणखी २४ महिने. बऱ्याच कॉलेजांनी अर्थशास्त्राची नोंद आता गणिती अर्थशास्त्र म्हणून केली आहे, म्हणजे तेही स्टेममध्ये येतं. प्रत्येक कॉलेजला मेल करून हे विचारायला सांगा. उत्तर किती दिवसांत आणि कोणाकडून येतं त्यावरूनही कॉलेज कळतं.

शमा_मिनेसोटा

यात भर घालते. संकेतस्थळावरची विषयांची यादी पाहून ठरवू नका, गेल्या दोन वर्षांत त्यातले कोणते विषय खरोखर शिकवले गेले ते मागवा. चौथ्या वर्षाच्या मुलांशी बोला, पहिल्या वर्षाच्या नको. पहिल्या वर्षाला सगळंच नवं असतं.

पार्ले_ते_प्लेझंटन

शिकवलेल्या विषयांची यादी मागवा, हे उत्तम. पण माझा मूळ आक्षेप तसाच आहे. सतरा वर्षांच्या मुलाला आपल्याला पुढे काय आवडणार हेच ठाऊक नसतं. छोट्या कॉलेजात आवड बदलली आणि तो विभागच दोन माणसांचा निघाला, तर तो काय करेल? शमाताई, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

शमा_मिनेसोटा

आवड बदलणार हे मीही धरून चालते. म्हणून तर पहिली दोन वर्षं मेजर जाहीर करावा लागत नाही. विभाग दोन माणसांचा असेल तर त्या दोघांशी जमतं का, हे दुसऱ्या वर्षीच कळतं, आणि नाही जमलं तर तुमच्या लेकीने घेतली तशी बदली घ्यावी. उलट्या दिशेनेही मुलं येतात. माझ्या वर्गात या सत्रात दोघं आहेत, दोघंही मोठ्या विद्यापीठातून आलेली.