मदत हवी आहे: पॉवरशेलच्या पाइपमधून मराठी मजकूर शाबूत कसा घ्यावा?

मराठी शब्द मोजणारं कमांड-लाइन टूल पायथनमध्ये लिहिलंय. लिनक्स आणि मॅकवर पाइपने (म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला जोडून) दिलेला मजकूर नीट येतो. विंडोजच्या कमांड-लाइनवर, म्हणजे विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये मात्र सगळी प्रश्नचिन्हं! फाइल वाचणाऱ्या गेट-कंटेंट कमांडला यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) सांगितलंय, टूलही इनपुट यूटीएफ-८ म्हणूनच वाचतं. कच्चे बाइट छापले तर तिथेच ३एफ, म्हणजे प्रश्नचिन्हाचे बाइट, दिसतात. म्हणजे अक्षरं टूलपर्यंत पोचण्याआधीच जातात. पाइपमधून मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये पाठवायचा ते ठरवणारं पॉवरशेलचं आउटपुट-एन्कोडिंग व्हेरिएबल यूटीएफ-८ केलं की चालतं. पॉवरशेल ७ मध्ये तर तेही लागत नाही. पण वापरणारे ऑफिसच्या मशीनवर आहेत, नवीन काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही, आणि दर वेळी व्हेरिएबल बदलायला सांगणं मला पटत नाही. टूलच्या बाजूने यावर काही उपाय आहे का, की पाइप सोडून थेट फाइलचं नाव घ्यावं?