आखेन फुकट, श्टुटगार्टला वर्षाला ३,००० युरो: ही फी की पाहुणेपट्टी?

कऱ्हाडचा_मामा: भाचीला मास्टर्ससाठी जर्मनीत आखेन आणि श्टुटगार्ट, दोन्हीकडे प्रवेश मिळालाय. आखेनला नुसतं सेमिस्टर काँट्रिब्युशन, म्हणजे सगळेच विद्यार्थी भरतात ती किरकोळ वर्गणी. श्टुटगार्टला त्यावर दर सेमिस्टरला १,५०० युरो. दोन्ही विद्यापीठं सरकारी, विषय तोच. उच्चशिक्षण तिकडे राज्यांच्या अखत्यारीत, हे ठाऊक आहे. श्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने २०१७च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्यांना ही फी लावली. माझ्या मते ही सरळ पाहुणेपट्टी आहे. आखेनच घ्यावं.

नेकरकाठी: अहो, आयत्या बिळावर नागोबा व्हायचं आणि वर भाडं जास्त म्हणून कुरकुरायचं? लॅब, प्राध्यापक, सगळं इथल्या, श्टुटगार्टकडच्या करदात्याच्या पैशावर. वर्षाचे ३,००० युरो म्हणजे साधारण तीन लाख रुपये. पुण्यातल्या खाजगी विद्यापीठांची फी बघा जरा. शिवाय बॉश, मर्सिडीज, पोर्शे दाराशी. वेर्कश्टुडंटचं, म्हणजे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ काम लागलं की दोन महिन्यांत फी निघते.

आखेनकर: निघते म्हणे! आणि त्या दोन महिन्यांचं घरभाडं कोण भरतं?

कऱ्हाडचा_मामा: करदात्याचं म्हणाल, तर कायदा आला तेव्हा त्या १,५०० मधले ३०० विद्यापीठाकडे राहणार होते, उरलेले राज्याच्या तिजोरीत. म्हणजे लॅबसाठी नव्हे, तूट भरायला. याच राज्याने २००७ मध्ये सगळ्यांनाच ५०० युरो लावले होते. घरच्या मुलांनी, पालकांनी ओरड केली, २०१२ मध्ये रद्द. पाच वर्षांनी फी परत आली ती मतदानाचा हक्क नसलेल्यांच्या डोक्यावर!

इझारतीर: राज्याराज्यांतला फरक म्हणताय, इथे एका गावात बघा. शेजारच्या बव्हेरिया राज्याच्या नव्या कायद्याने फी घ्यायची की नाही हे विद्यापीठांवर सोडलं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४च्या हिवाळ्यापासून बाहेरच्यांना मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० लावले. त्याच शहरातलं लुडविग-माक्सिमिलियान विद्यापीठ घेत नाही. ज्याच्या नावाला जगभर मागणी, त्याला दर लावायची हिंमत होते, एवढंच कारण. पण निदान विद्यापीठ स्वतःसाठी तरी घेतं, म्हणून मला तिथला व्यवहार श्टुटगार्टपेक्षा स्वच्छ वाटतो.

नेकरकाठी: चौपट घेतात ते स्वच्छ, आम्ही घेतो ती पट्टी. छान!

नाशिकची_आई: तुमचं तत्त्वाचं भांडण चालू द्या. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे वर्षाचा खर्च आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो दाखवायचे, तेही कर्ज काढून. त्यावर हे तीन हजार, म्हणजे हप्ता किती वाढतो ते बँकेत बसलं की कळतं. आणि महाराष्ट्राचा बाडेन-व्युर्टेमबर्गशी २०१५ पासून भगिनी-राज्य करार आहे ना? आपल्या मुलांना सूट नाही?

इझारतीर: नाही हो ताई. विद्यापीठा-विद्यापीठांमधल्या करारातून एक्स्चेंजवर आलेल्यांना माफ असते. पूर्ण डिग्रीला आलात की पैसे मोजायचे, कऱ्हाडहून या नाहीतर कैरोहून.