प्रति: प्रकाश सरळ वाढवता येतो का?
भाऊ, तुम्ही विचारलंत की फायबरमधला (काचेच्या बारीक तंतूमधला) प्रकाशाचा सिग्नल विजेत न बदलता तसाच वाढवता येतो का, तर येतो, पण ट्रान्झिस्टरने नाही, कारण १५५० नॅनोमीटरचा प्रकाश म्हणजे जवळपास १९३ टेराहर्ट्झ, सेकंदाला १९३ लाख कोटी कंपनं, तिथे ट्रान्झिस्टर पुरा पडतच नाही. सेमीकंडक्टर ऑप्टिकल अॅम्प्लिफायर हा मुळात लेसर डायोडच, फक्त दोन्ही टोकांना परावर्तन मारणारा लेप, मग करंटने वरच्या ऊर्जेवर चढवलेले इलेक्ट्रॉन आलेल्या प्रकाशासारखेच फोटॉन (प्रकाशाचे कण) सोडत जातात, आईन्स्टाईनने हे १९१७ लाच मांडलेलं! चिप तांदळाच्या दाण्याहून लहान. पण गरमी तिला सोसत नाही, गेन (प्रकाश किती पट वाढतो ते) उतरतो, म्हणून खाली पेल्टियर कूलर असतो, विजेवर चालणारी छोटी चकती, जी एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने गरम होते. भुसावळचा मे महिना आहे, खोलीतला एसी बंद पडला तर कूलरची गरम बाजू निवत नाही, ते आधी बघा.