अतिसंवाहकात कार्बन नॅनोट्यूब : खुंट्या की नुसती काजळी?

भोवरा
अतिसंवाहकात, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहून नेणाऱ्या पदार्थात, कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) घालून फायदा होतो का, हा वाद परवा चहावर अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडतो. उच्च-तापमान अतिसंवाहकांची खरी अडचण तापमान नाहीच. वायबीसीओ (यिट्रियम, बेरियम, तांबे नि ऑक्सिजन यांचं संयुग) ९२ केल्विनच्या खाली अतिसंवाहक होतो, द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. म्हणजे थंड करायचा प्रश्न १९८७ मध्येच सुटला. घोडं अडतं चुंबकीय क्षेत्रात. क्षेत्र आत शिरतं ते बारीक भोवऱ्यांच्या रूपात; वीज सोडली की भोवरे सरकतात, आणि सरकले की रोध परत आला. मोकाट गुरं दाव्याला बांधावी तसे हे भोवरे जागच्या जागी अडकवायला हवेत. भोवऱ्याचा गाभा काही नॅनोमीटरचा आणि लांबुळका. नॅनोट्यूबही तशीच, म्हणजे भोवरा अडकवायला नेमकी खुंटी! नॉर्वेच्या फॉसहाइम यांच्या गटाने १९९५ मध्ये बिस्मथच्या २२१२ या अतिसंवाहक संयुगात नळ्या घालून भोवऱ्यांवरची पकड वाढल्याचं दाखवलं होतं. मग ही वाट ओस का पडली?

भट्टीवाली
कारण भट्टी, दादा. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी हाच उद्योग केला होता. वायबीसीओ भाजायचा ९०० अंश सेल्सिअसच्या वर, आणि ऑक्सिजन तर द्यायलाच हवा. नळ्या हवेत ५००-६०० अंशांनाच जळायला लागतात. बरं, नुसत्या जळून गेल्या तरी चाललं असतं. कार्बन बेरियमला जाऊन चिकटतो, बेरियम कार्बोनेट कणांच्या सीमांवर बसतं आणि प्रवाहाची वाटच बंद. माझ्या पेलेटचा (पूड दाबून भाजलेल्या वडीचा) रोध शून्यावर यायचं नावच घेईना. सर म्हणाले, 'नळ्या कमी घाल.' कमी करत करत शेवटी एकही घातली नाही, तेव्हा पेलेट झकास झाली.

भोवरा
@भट्टीवाली, एका पेलेटवरून निकाल नको. मॅग्नेशियम डायबोराइड हा दुसरा अतिसंवाहक बघा. ऑस्ट्रेलियात वोलोंगाँगच्या गटाने त्यात नळ्या घातल्या, आणि जोरदार क्षेत्रातही प्रवाह टिकला.

शंकासूर
एक तर तो ३९ केल्विनवाला, उच्च-तापमानाच्या पंगतीत त्याला कुणी बसवत नाही. दुसरं, तिथे नळी खुंटी म्हणून फारशी उरतच नाही. ती विरघळते, तिचा कार्बन बोरॉनच्या जागी जाऊन बसतो. त्याने संक्रमण तापमान (ज्याच्या खाली अतिसंवाहकता येते ते) थोडं उतरतं, पण पदार्थ जास्त क्षेत्र सोसतो. हे श्रेय कार्बनचं, नळीच्या आकाराचं नव्हे. सिलिकॉन कार्बाइडची पूड घालूनही हे जमतं. सफरचंदातलं मॅलिक आम्ल चालतं. चक्क साखरही चालते!

रंकाळ्याचा
साखर? मग आमच्या कारखान्याला कळवा की राव. उसाला दर तरी मिळंल.

शंकासूर
😄

तारतम्य
पकड सोडा, उष्णतेचं बघा. तारेत एखादी जागा तापली की अतिसंवाहकता तिथे जाते, तिथेच अजून उष्णता साठते आणि त्या तारेचा चुंबक बंद पडतो. नळ्या उष्णता पटकन वाहून नेतात, तेवढ्यासाठी तरी वापराव्यात.

भट्टीवाली
एकटी नळी नेते हो. हजारो नळ्यांच्या गुंत्यात प्रत्येक सांध्यावर उष्णता अडखळते. त्या कामाला टेपवर (वायबीसीओचा पातळ थर दिलेल्या धातूच्या पट्टीवर) तांब्याचा थर असतोच, स्वस्त आणि खात्रीचा. पकडीचंही तसंच. वायबीसीओच्या थरात बेरियम झिर्कोनेट मिसळलं की त्याचे नॅनोमीटर जाडीचे खांब थर वाढतानाच आपोआप उभे राहतात, हे २००४ मध्येच दाखवलंय. खुंट्या हव्यात, कबूल. त्या कार्बनच्याच कशाला?

भोवरा
टेपपुरतं मान्य. पण तो थर फार तर काही मायक्रॉनचा. जाड ठोकळ्यात, जिथे थरावर थर चढवायची सोय नाही, तिथे बाहेरून खुंट्या घालाव्याच लागतील ना? कार्बनऐवजी बोरॉन नायट्राइडच्या नळ्या घेऊ. त्या हवेत ८०० अंशांपर्यंत टिकतात.

भट्टीवाली
तुमची भट्टी ९०० च्या वर जाणार, हे मघाशीच सांगितलं. शिवाय बोरॉन सुटला तर तो तरी बेरियमला सोडेल होय? तरी करून बघाच. पेलेट निघाली की फोटो टाका, काळी (म्हणजे जमलेली) आली की हिरवी (म्हणजे फसलेली) ते बघू. हिरवी आली तर माझ्याकडून सांत्वनाचा चहा.