डेट्रॉइटच्या शाळा आणि मंडळाचं माहितीपत्रक

प्रेषक: समीर, त्रिमूर्तीनगर, नागपूर

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये आम्ही नागपूरहून डेट्रॉइटला येतोय. मुलगी सहावीत जाईल, धाकटा बालवाडीत. तिथल्या आपल्या मराठी मंडळाच्या माहितीपत्रकात लिहिलंय, 'डेट्रॉइट शहरात घर घेऊ नये, शाळा वाईट, वस्ती बरोबर नाही.' ट्रॉय, नोव्हाय, कँटन या उपनगरांचीच नावं सगळे सांगून राहिले. पण शहराची हद्द ओलांडली की शाळा एकदम चांगल्या कशा काय होतात? कुणी नीट सांगेल का?

समीर

प्रेषक: वैशाली, बजाजनगर, नागपूर

समीरभाऊ,

हा प्रश्न तिकडे जाणाऱ्यांपैकी सहसा कुणी विचारत नाही. शाळेचं रेटिंग बघतात, घर घेतात, विषय संपतो. माहितीपत्रकातलं ते वाक्य मंडळानं काढून टाकावं, अशी माझी मागणी आहे. त्यात सगळा दोष तिथल्या मुलांच्या आणि आईबापांच्या माथी जातो.

तुम्ही म्हणता ती हद्द म्हणजे एट माईल रोड. दक्षिणेला डेट्रॉइट, उत्तरेला उपनगरं. या रस्त्याजवळ, शहराच्या आत, सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत आहे. 1941 साली एका बिल्डरनं ती बांधली. त्याला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती होती म्हणून सरकार गृहकर्जाला हमी देत नव्हतं. भिंत उभी राहिली, हमी मिळाली. आजही ती तिथे आहे.

कुणी कुठे राहायचं हे असं ठरलं, आणि कोणती शाळा मिळणार ते घराच्या पत्त्यावर ठरतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या ब्राउन निकालानं वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पण गोरी कुटुंबं उपनगरांत निघून गेली आणि शहरातल्या शाळांत बहुतेक कृष्णवर्णीय मुलं उरली. 1970 मध्ये पालक न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयानं आजूबाजूचे 53 शालेय जिल्हे (म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणारे स्वतंत्र विभाग) शहराशी जोडून मुलांनी एकत्र शिकावं असा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 1974 रोजी, मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात, तो 5 विरुद्ध 4 मतांनी रद्द केला. उपनगरांनी भेदभाव केल्याचं सिद्ध झालं नसताना त्यांना यात ओढता येणार नाही, असं बहुमताचं म्हणणं. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी याला कडाडून विरोध केला. ब्राउन खटला वकील म्हणून लढवणारे हेच. त्या एका मतानं हद्द पक्की झाली, असं माझं मत आहे.

पैशाचंही तसंच. 1994 पासून मिशिगनमध्ये, म्हणजे डेट्रॉइटच्या राज्यात, शाळांचा रोजचा खर्च मुख्यतः राज्य देतं, पण इमारतींचा खर्च अजूनही प्रामुख्यानं स्थानिक मालमत्ता करातून निघतो. घरांच्या किमतीच पडलेल्या असतील तर छप्पर दुरुस्त करायचं कशातून?

आणि तिथल्या लोकांना शिक्षणाची किंमत नाही, हे तर कुणी बोलूच नये. 2016 मध्ये डेट्रॉइटच्या विद्यार्थ्यांनीच राज्यावर दावा लावला की आम्हाला धड वाचायलासुद्धा शिकवलं जात नाही. शिक्षक नाहीत, वर्गात उंदीर. एका शाळेत आठवीतल्या मुलानं महिनाभर सातवी-आठवीला गणित शिकवलं, असं त्या दाव्यात म्हटलंय. मे 2020 मध्ये राज्यानं तडजोड केली. वाचता यावं म्हणून कोर्टात जाणाऱ्या पोरांना आपण वाईट म्हणायचं?

नागपूरच्या माणसाला हे अनोळखी वाटू नये. जाईबाई चौधरींनी कामठीपर्यंत डोक्यावर ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंनी त्यांना शिकवलं, शिक्षिकेची नोकरी दिली. अस्पृश्य बाईच्या हाताखाली मुलं पाठवणार नाही म्हणून सवर्ण पालक अडून बसले आणि ती नोकरी गेली. मग जाईबाईंनी याच शहरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. आणि हे फक्त जुन्या काळचं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या राज्यानं नियम केला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेनं शिक्षण हक्क कायद्यातल्या (आरटीई) गरीब-वंचित मुलांसाठीच्या 25 टक्के जागा दिल्या नाहीत तरी चालेल. जुलैमध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला.

तुम्ही ट्रॉयला खुशाल घर घ्या. मुलांचं वय थांबत नाही, आणि त्यांचं शिक्षण पणाला लावा असं मी म्हणणार नाही. पण तिथे गेल्यावर शाळा मंडळाच्या बैठकींना जा, त्या सर्वांना खुल्या असतात. बाहेरच्या शालेय जिल्ह्यातली मुलं घेता का, हे विचारा. मिशिगनच्या कायद्यात ती सोय आहे, पण घ्यायची की नाही ते जिल्हा ठरवतो. तुमच्यासारखे चार पालक हे विचारायला लागले तर उत्तर द्यावं लागेल.

वैशाली

प्रेषक: माधवी, कँटन

वैशालीताई,

माहितीपत्रक माझ्याकडे आहे. शहरात घर घेऊ नये, हे वाक्य काढते. रात्रीच्या सुरक्षिततेबद्दल मात्र नवीन लोक फोन करून विचारतातच, त्यांना काहीतरी सांगावं लागतं. ते वस्तीच्या लोकांवर न ढकलता कसं लिहायचं, यावर तुम्ही आणि समीरभाऊंनी दोन परिच्छेद पाठवाल का? शालेय जिल्ह्यानुसार बाहेरच्या मुलांच्या प्रवेशाची माहिती मी गोळा करते. गणपतीच्या आधी नवी प्रत सगळ्यांना जायला हवी.

माधवी